तबकड्यांचा ताळेबंद

संगीतवेडीं माणसें एकत्र जमलीं कीं वादाला विषय शोधावा लागत नाहीं. गायक श्रेष्ठ कोण, घराणें श्रेष्ठ कोणतें, पूर्वींचें गाणें खरें कीं आतांचें, हे वाद पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत आणि त्यांचा निकाल आजवर लागलेला नाहीं. परंतु मागील महिन्यांत आमच्या रविवारच्या बैठकींत जो वाद निघाला तो निराळ्या जातीचा होता. कारण त्याचा निकाल मोजून लावतां येत होता. प्रश्न एवढाच होता कीं, आपापल्या घरच्या संग्रहांत सर्वांत अधिक तबकड्या कोणाच्या?

हा प्रश्न काढला तो दादरच्या हिंदु कॉलनींत राहणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांनीं. बँकेंतून निवृत्त झालेले हे गृहस्थ स्वभावतःच हिशेबी. त्यांचें म्हणणें असें कीं, 'श्रेष्ठ कोण' असें विचारलें म्हणजे मनुष्य चार लोकांत शोभेल असें उत्तर देतो. 'घरांत काय आहे' असें विचारलें म्हणजे त्याला खरें बोलावें लागतें. आम्हां सर्वांस हें पटलें आणि तेथल्या तेथें नियम ठरले. एक तबकडी म्हणजे एक गुण, मग ती तीन मिनिटांची जुनी 78 फेऱ्यांची असो कीं वीस-वीस मिनिटांच्या बाजूंची लाँग-प्ले असो. कॅसेट व सीडी यांसहि तोच न्याय. दोघांचें गाणें असेल तर दोघांस अर्धा-अर्धा गुण. मोजणी करावयाची ती मात्र कपाट उघडून; आठवणीवरून नव्हे.

आम्हांस तर मोजण्याची गरजच वाटत नव्हती. आमच्या गिरगांवांतील घरचें कपाट म्हणजे आजोबांचें बालगंधर्वांचें कपाट, असें आम्ही गेलीं चाळीस वर्षें येणाऱ्याजाणाऱ्यास सांगत आलों होतों. तरी नियम तो नियम, म्हणून मोजावयाचें कबूल केलें.

पुढच्या रविवारीं पहिला हिशेब मांडला तो लालबागच्या स्नेह्यांनीं. हे पूर्वीं एका गिरणीच्या टाइम-ऑफिसांत होते. त्यांच्या संग्रहांत पहिला क्रमांक शाहीर साबळे यांचा, दुसरा सुलोचना चव्हाण यांचा आणि तिसरा शाहीर अमर शेख यांचा निघाला. कारणहि त्यांनींच सांगितलें. गल्लींतल्या गणेशोत्सवांत ध्वनिक्षेपकावर तबकड्या लावण्याचें काम पंचवीस वर्षें त्यांच्याकडे होतें. मंडपांत जें चालतें तें विकत घ्यावें लागे आणि मग तें घरींच राही. मनुष्याचा संग्रह केवळ त्याच्या आवडीनें वाढतो असें नाहीं. ज्या माणसांत तो राहतो त्यांच्या आवडीनेंहि वाढतो, ही गोष्ट त्यांच्या यादीवरून आमच्या प्रथम ध्यानीं आली.

येथें एक कबुली द्यावी लागते. आमच्यासारख्या घरांतून लावणीची तबकडी सांपडली तर 'ती कोणी तरी ठेवून गेलें' असें सांगण्याची रीत होती. आमच्या चेहऱ्यावर तो भाव दिसला असावा, कारण स्नेही हंसून म्हणाले, "मास्तर, सुलोचनाबाई तुमच्याच गिरगांवांत जन्मल्या हो." गोष्ट खरी आहे. 1933 सालीं त्या गिरगांवांत जन्मल्या आणि 2022 सालीं वारल्या. शाहीर साबळ्यांनीं गायिलेलें राजा बढे यांचें महाराष्ट्रगीत तर 2023 सालीं राज्यगीत म्हणून स्वीकारलें गेलें. लालबागच्या मंडपांत जें वाजत होतें तें आज शाळाशाळांतून म्हटलें जातें. आमच्या कपाटांत मात्र तें नव्हतें.

दुसरा हिशेब दादरचा. यांचा संग्रह लाँग-प्लेच्या काळांतला. त्यांत सर्वांत मोठा ढीग पंडित भीमसेन जोशी यांचा, त्याखालोखाल कुमार गंधर्वांचा. यांत कोणासच नवल वाटलें नाहीं. परंतु स्नेह्यांनीं प्रामाणिकपणें एक तळटीप जोडली. उस्ताद अमीर खाँ यांची एकच लाँग-प्ले त्यांच्याकडे आहे, एका बाजूस मारवा आणि दुसऱ्या बाजूस दरबारी. पण घरांत सर्वांत अधिक वाजली ती हीच, आणि तिचें वेष्टन त्यांना तीन वेळां नवें करावें लागलें. खाँसाहेबांच्या हयातींत त्यांच्या लाँग-प्ले निघाल्याच थोड्या. मग कपाटांत त्या अधिक येणार कोठून? म्हणजे ढिगाची उंची ही ऐकणाऱ्याच्या प्रेमाइतकीच कंपनीनें काय काढलें यावरहि अवलंबून असते.

तिसरा हिशेब आमच्या पुतण्याचा. खरें म्हणजे तो या बैठकीचा सभासद नव्हे. पण चहा घेऊन आला आणि वादांत सांपडला. त्याच्याकडे एकहि तबकडी नाहीं. त्याचें सगळें गाणें फोनांत. "काका, माझ्याकडे सगळेच आहेत, मग अधिक कोण आणि कमी कोण?" असें तो म्हणाला. आम्हांस वाटलें, येथें वाद खुंटला. पण लगेच त्यानेंच सांगितलें कीं, वर्षअखेरीस तो फोनच हिशेब करून दाखवितो कीं, तूं या वर्षांत कोणास किती वेळां ऐकलेंस. त्या यादींत पहिलें नांव होतें किशोरी आमोणकर यांचें. ज्या मुलानें किशोरीताईंची एक तबकडी कधीं हातांत धरली नाहीं, त्यानें त्यांना वर्षभर रोज रात्रीं ऐकलें होतें! कपाट सांगतें तें विकत घेतल्याचा हिशेब. फोन सांगतो तो ऐकल्याचा. हे दोन हिशेब एक नव्हत, हा त्या दिवसाचा दुसरा धडा.

वाचकांपैकीं तरुणांसाठीं जुन्या तबकड्यांविषयीं चार शब्द सांगणें अवश्य आहे. हिंदुस्थानांतील गाणें तबकडीवर घेण्याचा पहिला मोठा उद्योग 1902 सालीं झाला. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग हे कलकत्त्यास आले आणि त्यांनीं गौहरजान यांचें गाणें मुद्रित केलें. त्या तबकड्या लाखेच्या मिश्रणाच्या असत. मिनिटास 78 फेरे घेत आणि एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांपलीकडे कांहीं मावत नसे. जो गवई एक राग तासभर मांडावयाचा, त्याला आलाप, बंदिश आणि तान एवढ्यांत बसवावी लागे. कांहींना तें साधलें, कांहींना साधलें नाहीं. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, अब्दुल करीम खाँ, हिराबाई बडोदेकर यांस तें साधलें, आणि म्हणूनच गिरगांव-दादरच्या जुन्या कपाटांतून हींच नांवें पुनःपुन्हां आढळतात. पुढें 1948 सालीं अमेरिकेंत लाँग-प्ले निघाली. ती आपल्याकडे रुळल्यावर राग पसरून मांडण्याची सोय झाली आणि कपाटांतलीं नांवेंहि पालटलीं.

तीन मिनिटांत काय सामर्थ्य असतें याचें उदाहरण भीमसेनजींच्याच चरित्रांत आहे. लहानपणीं गदगेस एका दुकानांत अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटींतली ठुमरी त्यांनीं तबकडीवर ऐकली आणि असें गाणें आपणांस आलेंच पाहिजे या ध्यासानें तो मुलगा पुढें घर सोडून गुरूच्या शोधास निघाला. दादरच्या कपाटांतला तो सगळा ढीग एका दृष्टीनें त्या एका तबकडींतूनच निघाला आहे!

पण मोजदादीस एक मोठी मर्यादा आहे, ती येथें नमूद करणें प्राप्त आहे. अभाव हाहि एक पदार्थच, असें आमचे नैयायिक मानतात. आमच्या चौघांच्याहि याद्यांत एका नांवापुढें शून्य होतें. तें नांव म्हणजे उस्ताद अल्लादिया खाँ. जयपूर घराण्याचे हे प्रवर्तक. आयुष्याच्या उत्तरकाळांत ते मुंबईंत राहिले आणि 1946 सालीं वारले. त्यांनीं आपला आवाज तबकडीवर कधीं घेऊं दिला नाहीं. बालगंधर्वांचे गुरु भास्करबुवा बखले 1922 सालीं गेले. त्यांचाहि आवाज आज कोणत्याहि कपाटांत नाहीं. ज्यांच्या शिष्यांनीं कपाटें भरलीं ते स्वतः कपाटांत नाहींत! केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्या तबकड्या वाजतात तेव्हां खाँसाहेब ऐकूं येतात, एवढ्यावरच समाधान मानावें लागतें.

आणि केसरबाईंचें नांव निघालें म्हणून सांगतों, जगांतला सर्वांत दूर गेलेला संग्रह कोणता, ठाऊक आहे? 1977 सालीं अमेरिकेनें व्हॉयेजर नांवाचीं दोन यानें अंतराळांत सोडलीं. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी आहे आणि तिच्यावर सगळ्या पृथ्वीच्या वतीनें 27 गाणीं-वादनें निवडून घातलीं आहेत. आमच्या नियमानें मोजलें तर त्या संग्रहांत पहिला क्रमांक बाखचा लागतो, त्याच्या तीन रचना आहेत. दुसरा बेथोव्हनचा, त्याच्या दोन. हिंदुस्थानांतलें गाणें एकच आहे : केसरबाईंची भैरवी, साडेतीन मिनिटांची. पहिलें व्हॉयेजर 5 सप्टेंबर 1977 रोजीं निघालें आणि 16 सप्टेंबर रोजीं केसरबाई निवर्तल्या. संख्येनें पाहिलें तर त्या त्या यादींत शेवटल्या रांगेंत. पण म्हणून त्या गाण्याचें मोल कमी, असें कोण म्हणेल?

आतां आमचा स्वतःचा हिशेब. तो शेवटीं ठेवण्याचें कारण आपल्या ध्यानांत येईलच.

आमच्या चाळीचा पुनर्विकास ठरला आहे आणि या वर्षांतच घर रिकामें करावयाचें आहे. लाखेची एक तबकडी सुमारें दोनशें ग्रॅम वजनाची. आमच्या कपाटांत त्या 146 निघाल्या, म्हणजे जवळजवळ तीस किलो ओझें. "सगळें फोनवर आहे, काका, चोर बाजारांत कोणाला तरी देऊन टाकूं," असें पुतण्याचें मत होतें आणि आमच्या थोरल्या बंधूंचाहि त्यास रुकार होता. आम्हीहि बहुधा होकारच दिला असता. केवळ रविवारच्या बैठकीसाठीं म्हणून त्या एकेक काढून पुसून मोजल्या.

बालगंधर्वांच्या 27 भरल्या. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या 11, मास्टर दीनानाथांच्या 9, गोविंदराव जोशी, गजाननराव वाटवे इत्यादि भावगीतगायकांच्या मिळून 16. आणि हिराबाई बडोदेकर यांच्या? 34! आम्हांस वाटलें, मोजण्यांत चूक झाली. पुन्हां मोजल्या. चौतीसच. ज्यास आम्ही चाळीस वर्षें बालगंधर्वांचें कपाट म्हणत होतों तें हिराबाईंचें कपाट निघालें.

दुसरी गोष्ट. पोलादी सुईनें वारंवार वाजलेल्या तबकडीच्या रेषा झिजतात आणि काळा रंग जाऊन राखी झाक येते. बालगंधर्वांच्या बहुतेक तबकड्या लख्ख काळ्या होत्या. हिराबाईंच्या राखी झाल्या होत्या. म्हणजे विकत घेतल्याचा आणि ऐकल्याचा, दोन्ही हिशेब एकाच नांवावर पडत होते.

तिसरी गोष्ट त्याहून वेगळी. त्या चौतीसांपैकीं एकतीस तबकड्यांच्या कागदी वेष्टणांवर कोपऱ्यांत शिसपेन्सिलीनें बारीक अक्षर होतें. पहिल्या वेष्टणावर लिहिलें होतें : '12-9-1936. 2 रुपये 12 आणे. शिकवणीचे.' तें अक्षर आजोबांचें नव्हतें. तें आमच्या आत्याबाईंचें होतें.

आत्याबाई म्हणजे आमच्या वडिलांची थोरली बहीण. एकोणिसाव्या वर्षीं वैधव्य येऊन त्या माहेरीं परत आल्या आणि 1988 सालीं वारल्या तोंपर्यंत याच घरांत राहिल्या. घरांतलीं बाळंतपणें, आजारपणें, सोवळ्याचा स्वयंपाक, सगळें त्यांच्याकडे. दुपारीं त्या वाडींतल्या मुलींस शिवण व लेखन-वाचन शिकवीत. त्या पैशांचें त्या काय करतात हें घरांतल्या एकाहि पुरुषानें कधीं विचारलें नव्हतें. आम्हीं तर नाहींच.

आणि मग आम्हांस सगळें आठवलें. आमची शाळा सकाळची. साडेबारास घरीं यावें तों घरांतले पुरुष कचेरीस गेलेले असत आणि आत्याबाईंनीं फोनो खालीं काढलेला असे. चावी आम्ही द्यावयाची, बाजू बदलली कीं सुई नवी आम्ही लावावयाची. त्याबद्दल वडीचा तुकडा मिळे. पेटीचें झाकण त्या अर्धें मिटून घेत, म्हणजे आवाज जिन्यापर्यंत जात नसे. विधवा बाई भरदुपारीं गाणें लावून बसली आहे असें कोणी म्हणूं नये, ही धास्ती. आणि त्या आम्हांस बजावीत, "कोणी आलें तर सांग हो, आजोबांचीं गाणीं लावलीं आहेत."

तें आम्हीं सांगितलें. आठ वर्षांचे असतांना सांगितलें तें एका बाईच्या अब्रूसाठीं. पण त्या गेल्यावर, सांगण्याची कांहीं गरज उरली नसतांहि आम्ही चाळीस वर्षें तेंच सांगत राहिलों, आणि सांगतां सांगतां आम्हांसच तें खरें वाटूं लागलें! लावणीची तबकडी 'कोणी तरी ठेवून गेलें' म्हणणाऱ्यांस आम्ही कशाला हंसावें?

हिराबाईच कां, याचें उत्तर आतां शोधण्याची आवश्यकता नाहीं. 1905 सालीं जन्मलेल्या या गायिकेनें भर सभेंत बसून, घरंदाज स्त्रीच्या वेषांत, शांत मुद्रेनें ख्याल गाइला आणि स्त्रीनें गाणें म्हणजे कांहीं तरी लाजिरवाणें, ही समजूत ज्यांनीं मोडली त्यांत त्या अग्रेसर होत्या. ज्या बाईस बैठकीस जाऊन बसण्याची मुभा नव्हती तिनें ती बैठक 2 रुपये 12 आण्यांस घरीं आणली. आणखी एक योग पाहा. हिराबाई या अब्दुल करीम खाँ व ताराबाई माने यांची कन्या. पुढें ताराबाई मुलांस घेऊन खाँसाहेबांपासून वेगळ्या झाल्या. आमच्या कपाटांत मात्र आत्याबाईंनीं बापाच्या तबकड्या लेकीच्या शेजारींच लावून ठेवल्या होत्या, आणि पलीकडे सुरेशबाबूंच्या दोन. तें नकळत झालें असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

हा वृत्तांत आम्हीं घरांत सांगितला तेव्हां बंधु गप्प राहिले. वहिनी ऐंशीच्या घरांत आहेत, त्या सुपारी कातरतां कातरतां म्हणाल्या, "भाऊजी, आम्हां बायकांना हें सगळें ठाऊक होतें. तुम्हीं कधीं विचारलें नाहींत." त्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हतें.

पुतण्यानें तीं पेन्सिलीचीं अक्षरें एकेक करून वाचलीं. मग विचारलें, "काका, यांतली पहिली कोणती वाजवूं?" चोर बाजाराचा विषय त्यानें पुन्हां काढला नाहीं. गाणीं फोनवर असतील. तीं अक्षरें फोनवर नाहींत. तबकड्या आतां नव्या घरीं जाणार आहेत, आणि त्यांतल्या झिजलेल्यांचें गाणें यंत्रावर उतरवून घेण्याचें काम त्यानें अंगावर घेतलें आहे. पुढच्या रविवारीं बैठकींत आम्हीं हिशेब मांडला. दादरच्या स्नेह्यांनीं वहींत 'गिरगांव : आजोबा' असें आधींच लिहून ठेवलें होतें, त्यांनीं तें खोडलें आणि 'गिरगांव : आत्याबाई' असें लिहिलें.

ज्यांच्या घरीं असें एखादें कपाट असेल त्यांस चार सूचना. लाखेच्या तबकड्या उभ्या ठेवाव्यात. आडव्या रचल्या कीं खालच्या तडकतात. ऊन लागूं देऊं नये. पुसतांना स्पिरिट लावूं नये, कारण त्यांत लाख विरघळते. मऊ कापड पुरें. वेष्टनें फाटकीं असलीं तरी टाकूं नयेत. तबकडीवरचें नांव, क्रमांक व मध्यभागाजवळचे कोरलेले आंकडे वहींत उतरवून घ्यावेत. मुंबईंत 1990 सालीं सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था स्थापन झाली. जुन्या तबकड्यांच्या अशा नोंदी करण्याचें पुष्कळ काम तिनें केलें आहे.

आणि वहींत आणखी एक रकाना आंखावा. गायक कोण, हें तबकडीवर छापलेलेंच असतें. ती कोणीं आणली, कोणाच्या पैशानें आणली आणि कोण ऐकत असे, हें मात्र घरच्यांनींच लिहावयाचें असतें. तो रकाना भरण्यापूर्वीं घरांतल्या सर्वांत वडील बाईस विचारावें. आम्हीं तसें केलें असतें तर आत्याबाईंच्या देखत त्यांचें नांव त्या कपाटास लागलें असतें.